गळ आणि गाळ : एका एन्झाइमच्या सोबत्यांच्या शोधाच्या नोंदी

१२ जून २०२३

मॅडमनी आज फळ्यावर एकच नाव लिहिलं, एचएसडी१७बी१०, आणि विचारलं, "ह्याचं काम काय?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. तंतुकणिकेतलं, लॅबच्या भाषेत मायटोकॉन्ड्रियातलं, एन्झाइम. आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल मोडण्याच्या वाटेवर शेवटून दुसऱ्या पायरीला ते समोरच्या रेणूतला हायड्रोजन काढून एनएडी ह्या वाहक रेणूच्या पदरात टाकतं. जनुक एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे बिघाड झाला तर जास्त करून मुलग्यांना भोगावा लागतो. सुरुवातीचे महिने ठीक वाढलेलं बाळ शिकलेलं विसरायला लागतं, हृदय थकतं.

"मग जेवणातलं आयसोल्युसीन कमी केलं की मूल सुधारायला हवं."

"लघवीतले साठलेले पदार्थ कमी होतात, मॅडम. आजार थांबत नाही."

"का?"

ह्या 'का'चं निम्मं उत्तर २००८ पासून छापलेलं आहे. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, माणसात १६,५६९ अक्षर-जोड्यांचा. त्यावर ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २ रायबोसोमच्या आरएनएची आणि २२ टीआरएनएची, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या छोट्या आरएनएंची. ह्या डीएनएची नक्कल निघते ती सलग लांबलचक पट्टीच्या रूपात. त्या पट्टीत बहुतेक जनुकांच्या मध्ये टीआरएनए पेरलेले असतात, आणि ते कापून सुटे केले की आजूबाजूची जनुकंही आपोआप सुटी होतात. वाक्यातल्या विरामचिन्हांसारखं. ही कल्पना १९८१ मध्येच मांडली गेली होती. टीआरएनएच्या पुढच्या टोकाला कात्री चालवतं ते आरएनएझ-पी. जिवाणूंमध्ये ह्या कात्रीचं पातं आरएनएचंच असतं, आणि त्या शोधाला १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मायटोकॉन्ड्रियातल्या कात्रीतही आरएनए असणार असं धरून लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले. व्हिएन्नात वॉल्टर रोसमानिथ यांच्या गटाने ती शुद्ध केली तेव्हा हाती फक्त तीन प्रथिनं आली. एक टीआरएमटी१०सी, टीआरएनएवर मिथाइल गट बसवणारं. एक पीआरओआरपी, प्रत्यक्ष कापणारं. आणि तिसरं हे आमचं आयसोल्युसीनवालं.

म्हणजे ज्याला सगळे पचनखात्यातला कारकून समजत होते तो छापखान्यातही कामाला होता, आणि हे कळलं ते तो कुणासोबत बसतो ते पाहिल्यावर.

आमचा प्रश्न त्यापुढचा. मानवी पेशीत ह्या एन्झाइमच्या आजूबाजूला आणखी कोण असतं? आणि त्याचं हायड्रोजन काढायचं काम मुद्दाम बंद पाडलं तर सोबती त्याला सोडतात का?

मॅडमनी जाताना अट घातली: यादीत टीआरएमटी१०सी नसेल तर बाकीच्या यादीवर एक शब्द बोलायचा नाही.

१९ जून

आठवडाभर वाचन. ह्या प्रथिनाची नावं मोजायला घेतली आणि वैतागले. १९९७ मध्ये ते अल्झायमरच्या संदर्भात सापडलं, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये अमायलॉइडला चिकटतं म्हणून नाव पडलं एराब. मग ते मायटोकॉन्ड्रियात असल्याचं ठरलं, नाव झालं एबॅड. चयापचयवाल्यांनी एमएचबीडी म्हटलं, स्टेरॉइडवाल्यांनी सतरा-बीटा-एचएसडी प्रकार १०, कुळाची नोंद ठेवणाऱ्यांनी एसडीआर५सी१ आणि आरएनएझ-पीवाल्यांनी एमआरपीपी२. माहेरचं एक, सासरचं एक इथवर ठीक. हिला सहा सासरं आहेत. ह्याचा खरा तोटा असा की एका नावाने शोधलं तर बाकी पाच खात्यांतलं काही दिसत नाही. शोधनिबंध उतरवून घेताना सगळी नावं टाकावी लागतात.

शाळेत मी 'विकर' शिकले. दहावीनंतर तो शब्द कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. नोंदवहीत एन्झाइमच लिहिणार.

२८ जून

शेपटी कुठल्या टोकाला लावायची ह्यावर दोन दिवस गेले. पद्धत साधी आहे: प्रथिनाला आठ अमिनो आम्लांची फ्लॅग नावाची शेपटी जोडायची, पेशीत बनवून घ्यायचं, पेशी फोडायच्या, फ्लॅगला पकडणारी प्रतिपिंडं बसवलेले बारीक मणी टाकायचे आणि मण्यांसकट जे काही ओढून येईल ते मास स्पेकला, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्राला, द्यायचं. शेपटीवालं प्रथिन म्हणजे आमिष, मणी म्हणजे गळ.

पण हे प्रथिन २६१ अमिनो आम्लांचं, आणि मायटोकॉन्ड्रियात जायचा पत्ता त्याच्या सुरुवातीच्या टोकावरच लिहिलेला. तिथे शेपटी चिकटवली तर पत्ता झाकला जाणार. म्हणून शेपटी मागे. ज्युनिअरने तरीही पुढच्या टोकाचं एक वेगळं बनवून ठेवलं, "बघू तर खरं ताई, काय होतं ते." बनवू दिलं.

११ जुलै

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पाहिले. मागे शेपटी असलेलं मायटोकॉन्ड्रियाच्या लाल धाग्यांवर हिरवं होऊन तंतोतंत बसलं. पुढे शेपटी असलेलं पेशीभर धुक्यासारखं पसरलेलं. ज्युनिअर खूश, तिचा फोटो प्रबंधात 'असं करू नये' ह्या सदरात जाणार.

पेशी एचईके२९३टी. मूळ धागा मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातला, पण आता त्यांचं मूत्रपिंडाशी फारसं नातं उरलेलं नाही. लवकर वाढतात आणि बाहेरचा डीएनए मुकाट्याने घेतात, म्हणून जगभर वापरतात. मायकोप्लाझ्माची (पेशींमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी निगेटिव्ह. ही ओळ मुद्दाम लिहून ठेवतेय, मागच्या वर्षी ती न लिहिल्याने काय झालं ते मला आठवतंय.

२६ जुलै

पहिला पुलडाउन, म्हणजे गळ टाकून ओढणं. दहा प्लेट, पीईआय ह्या रसायनाने डीएनए आत घातला, ४८ तासांनी पेशी फोडल्या. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चांदीने रंगवलं. आमिषाची पट्टी सत्तावीस किलोडाल्टनच्या आसपास ठळक. वर साठ आणि सत्तरच्या दरम्यान दोन जाड पट्ट्या. एवढ्या जाड सोबत्यांची अपेक्षा नव्हती.

२ ऑगस्ट

जेलचे तुकडे केले, आयोडोअ‍ॅसिटामाइड अंधारात, प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन रात्रभर ३७ अंशांवर. मास स्पेक सांभाळणाऱ्या काकांनी नंबर दिला पुढच्या बुधवारचा. नमुन्यांच्या नळ्या पाहून म्हणाले, "केस बांधून काम करत होतीस ना?"

९ ऑगस्ट

करत नव्हते. यादीत वरच्या दहात चार केराटिन. माझे केस, माझी कातडी, कदाचित लोकरी शालही. एसीमुळे घेऊन बसते.

केराटिन वगळून उरलेलं पाहिलं. सत्तरच्या आतल्या त्या दोन पट्ट्या म्हणजे एचएसपीडी१ आणि एचएसपीए९, मायटोकॉन्ड्रियातली घडी घालून देणारी प्रथिनं. आम्ही आमिष इतकं बनवायला लावलं की घडी घालणाऱ्यांची फौज त्याच्यामागे लागली. ते सोबती कसले, ती आपत्कालीन मदत.

आणि त्याखाली, दिसताच खुर्चीतून उठले: पीआरएमटी५. त्याच्या जोडीला डब्ल्यूडीआर७७.

टीआरएमटी१०सी खूप खाली, एका पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या एकाच तुकड्यावर.

तरी सांगते, रात्री अकरा वाजता कागदावर जी गोष्ट उभी राहिली ती सुंदर होती. पीआरएमटी५ प्रथिनांवर मिथाइल बसवतं, टीआरएमटी१०सी आरएनएवर. दोघांनाही मिथाइल देणारा रेणू एकच, एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन. म्हणजे आमचं एन्झाइम मिथाइल बसवणाऱ्यांचा अड्डा आहे! पेशी अमिनो आम्लं किती मोडतेय ह्याचा निरोप मिथाइलच्या रूपाने पुढे जातो! बाण काढले, रंग भरले. शीर्षकसुद्धा सुचलं होतं, ते इथे लिहीत नाही.

१० ऑगस्ट

मॅडमना बाण दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन प्रश्न.

"पीआरएमटी५ कुठे असतं?"

सायटोप्लाझममध्ये आणि केंद्रकात.

"आणि तुझं?"

मायटोकॉन्ड्रियाच्या आत, दोन पडद्यांपलीकडे.

"आमिष न लावता नुसता गळ टाकला होतास?"

नव्हता. मास स्पेकचे पैसे वाचवायचे म्हणून रिकाम्या वेक्टरचा, म्हणजे आमिषाचं जनुक नसलेल्या वाहक डीएनएचा, नमुना मी फ्रीजरमध्येच ठेवला होता. चहा न पिता परत आले.

२१ ऑगस्ट

रिकाम्या वेक्टरचा नमुना चालवला. पीआरएमटी५ तिथेही. डब्ल्यूडीआर७७ तिथेही. जवळपास तेवढंच.

फ्लॅग पकडणारं जे एम२ प्रतिपिंड सगळे वापरतात त्याच्या मण्यांना पीआरएमटी५ आपसूक चिकटतं. ह्या क्षेत्रातल्या जुन्या लोकांना हे कधीपासून ठाऊक आहे. पीआरएमटी५ आणि डब्ल्यूडीआर७७ चार-चारच्या गठ्ठ्यात राहतात, म्हणून एक आलं की दुसरं आलंच. पेशी फोडताना सायटोप्लाझम आणि मायटोकॉन्ड्रिया एकाच भांड्यात मिसळले, मण्यांना जे हवं ते त्यांनी घेतलं. गळाला मासा लागला नव्हता, तळातला गाळ वर आला होता.

असा गाळ कुणाकुणाच्या गळाला किती वेळा येतो ह्याचा जगभरातला हिशेब २०१३ मध्ये एकत्र करून ठेवलाय, नाव क्रॅपोम. अर्थ आईला सांगण्यासारखा नाही. तिथे पीआरएमटी५ टाकून बघायला दोन मिनिटं लागली. बाण काढायला मला तीन तास लागले होते.

ज्युनिअरने तिच्या जुन्या प्रकल्पातली यादी काढली. तिचं आमिष केंद्रकातलं, आमच्याशी काही संबंध नाही. पाचव्या क्रमांकावर पीआरएमटी५, आणि समासात तिच्या अक्षरात, "इंटरेस्टिंग!!"

२३ ऑगस्ट

नवी आखणी. मॅडमबरोबर सलग तीन तास.

आमिष थोडंच बनवायचं. त्यासाठी फ्लिप-इन पेशी: ठरलेल्या एकाच जागी जनुक बसतं आणि डॉक्सिसायक्लिन दिल्यावरच चालू होतं. सीरमसुद्धा टेट्रासायक्लिन नसलेलं हवं, साध्या सीरममध्ये त्याचा अंश असला तर जनुक न सांगताच चालू राहतं.

आधी मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या करायच्या आणि मगच फोडायच्या. काचेच्या डाउन्समध्ये पेशी घोटायच्या, केंद्रकं कमी वेगाने खाली बसवून टाकून द्यायची, मग वरच्या पाण्यातून मायटोकॉन्ड्रिया जास्त वेगाने. फोडायला डिजिटोनिन, ते नाजूक जोड्या ट्रायटनइतक्या निर्दयपणे तोडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुलनेच्या नमुन्यावर गेला. रिकामं वेक्टर पुरेसं नाही हे मला आधी पटत नव्हतं. मॅडमचं म्हणणं: रिकाम्या वेक्टरमध्ये मण्यांना चिकटणारे दिसतील, पण 'मायटोकॉन्ड्रियात फ्लॅगची शेपटी घेऊन फिरणाऱ्या कुठल्याही परक्याला चिकटणारे' दिसणार नाहीत. म्हणून जीएफपीला मायटोकॉन्ड्रियाचा पत्ता आणि फ्लॅगची शेपटी लावून तो परका म्हणून सोडायचा. जेलीफिशमधलं प्रथिन, माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात त्याचा कुणी नातलग नाही. त्याच्याजवळ जे दिसतील ते सगळ्यांच्याच जवळ असतात.

प्रत्येकाचे तीन नमुने, तीन वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींमधून. एकाच दिवशीच्या एका प्लेटचे तीन भाग करून 'तीन' म्हणायचं नाही.

१५ सप्टेंबर

हायग्रोमायसिनखाली निवड चालू. जनुक न बसलेल्या पेशी मरताहेत, मरायलाच हव्यात. उरलेल्यांच्या वसाहती दिसायला लागल्या.

२८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. शहर बंद, लॅब उघडी. पेशींना विसर्जनाची सुट्टी नसते. मीडिया बदलायला मी सकाळी सहालाच पोचले, परत निघताना पुलापाशी अडकले ते चार तास. ढोलांच्या आवाजाने खिशातली नळी थरथरत होती. (रिकामी होती. नमुने घेऊन मी विसर्जनात उभी राहत नाही.)

३ ऑक्टोबर

दुपारी लाइट गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला. इनक्युबेटर ३७ वरून ३४ वर. आजच्या प्लेट टाकून दिल्या. तिसरा नमुना एक आठवडा पुढे.

१८ ऑक्टोबर

निकाल आले. नऊ रन: तीन आमिष, तीन जीएफपी, तीन रिकामे. प्रत्येकी ९० मिनिटं. काकांनी रविवारी येऊन स्तंभ बदलला होता, त्यांच्यासाठी चितळेंची बाकरवडी नेली.

आकडेवारी सेंट नावाच्या आज्ञावलीत घातली. आमिषाच्या नमुन्यात एखादं प्रथिन जितक्या वेळा दिसलं ते तुलनेच्या नमुन्यांशी ताडून ती शून्य ते एकच्या मध्ये गुण देते. आमच्याकडे तिला 'संत' म्हणतात. संतांनी ०.९ च्या खाली गुण दिले तर वाद घालायचा नाही.

पीआरएमटी५ आहे, थोडं, तिन्हीकडे सारखं. गुण शून्य.

एचएसपीए९ आमिषातही आणि जीएफपीतही. गुण नगण्य.

टीआरएमटी१०सी तिन्ही रनमध्ये, जीएफपीत एकदाही नाही. पूर्ण एक.

नोंदवहीत ह्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. नवं काहीच नाही ह्यात, पंधरा वर्षांपूर्वी छापलेलं आहे. पण आता आमचा गळ खरा पकडतो एवढं तरी ठरलं आणि बाकीच्या यादीवर बोलायची परवानगी मिळाली.

पीआरओआरपी मात्र नाही. प्रत्यक्ष कापणारंच गैरहजर. घाबरले होते, पण हे अपेक्षितच आहे: टीआरएमटी१०सी आणि आमचं एन्झाइम यांची जोडी घट्ट, पीआरओआरपी टीआरएनए समोर आला की येतं आणि काम करून जातं. २०२१ मध्ये ग्यॉटिंगेनच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ह्या सगळ्या जुळणीचं चित्र काढलं. त्यात आमच्या एन्झाइमच्या चार प्रतींची चौकडी खाली बैठकीसारखी असते आणि टीआरएमटी१०सी तिच्यावर टेकून टीआरएनएला कवेत घेतं. धुण्याच्या चार फेऱ्यांत पाहुणा टिकत नाही, घरचे टिकतात.

६ नोव्हेंबर

आता मूळ प्रश्न. १७२ व्या जागचं लायसिन काढून तिथे अ‍ॅलनिन बसवलं. हे लायसिन हायड्रोजन काढायच्या जागेतच बसतं, सेरीन १५५ आणि टायरोसिन १६८ यांच्या संगतीत. ते गेलं की एन्झाइम म्हणून हात निकामी. लॅबमध्ये नाव पडलंय 'थोटं'. शब्द बरा नाही, पण चिकटला.

निकामी झालं हे गृहीत न धरता मोजलं. उलट दिशेची चाचणी सोपी: अ‍ॅसिटोअ‍ॅसिटिल-कोए आणि एनएडीएच द्यायचं, ३४० नॅनोमीटरला प्रकाशशोषण घसरतंय का ते बघायचं. मूळ एन्झाइमची रेषा उतारावरच्या सायकलसारखी खाली आली. थोट्याची रेषा सरळ. मोजणीची पेटी बिघडली की काय म्हणून परत मूळ एन्झाइम टाकून पाहिलं; उतार आला.

८ ते १६ नोव्हेंबर

दिवाळी. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, मी कराडला. आईने पाहुण्यांसमोर विचारलं, "सापडलं का गं तुझं ते?" मी म्हटलं, जे आधीच सापडलं होतं ते परत सापडलं. मामा म्हणाले, "ह्याला सरकार पैसे देतं?" चकलीत लक्ष घातलं.

२९ नोव्हेंबर

थोट्याचे तीन पुलडाउन, मूळचे तीन नव्याने, जीएफपी तीन. सगळे एकाच आठवड्यात चालवले, कारण ऑक्टोबरचे आकडे नोव्हेंबरच्या आकड्यांना लावणं म्हणजे दोन दुकानांच्या तराजूंवर सोनं तोलणं.

थोट्यासोबत टीआरएमटी१०सी आलं. मूळ एन्झाइमबरोबर येतं तेवढंच. आमिषाच्या प्रमाणात भागून पाहिलं, तरी तेवढंच.

म्हणजे हायड्रोजन काढता येवो न येवो, सोबत सुटत नाही. शुद्ध प्रथिनं वापरून टीआरएनएवर मिथाइल बसवणं आणि कापणं ह्यासाठी हायड्रोजन काढायचं काम लागत नाही हे आधी दाखवलेलं होतंच. आम्ही तेच पेशीच्या आत, कमी प्रमाणात बनवलेल्या प्रथिनावर पाहतोय. मॅडम यादीच्या खालच्या भागात रमल्या: तिथे अशी चार नावं आहेत जी मूळ एन्झाइमसोबत आहेत आणि थोट्यासोबत नाहीत. त्यातल्या दोघांना ०.९ च्या वर गुण. ती नावं इथे लिहीत नाही. पीआरएमटी५ नंतर मी शहाणी झाले आहे. वेगळ्या शेपटीने, वेगळ्या प्रतिपिंडाने पुन्हा आली तर लिहीन.

१४ डिसेंबर

येऊन जाणाऱ्या पाहुण्यांना पकडायला टर्बोआयडी. हे जिवाणूतल्या बायोटिन जोडणाऱ्या एन्झाइमचं सुधारून केलेलं रूप, २०१८ चं. ते आमिषाला जोडायचं, पेशींना दहा मिनिटं बायोटिन द्यायचं, आणि आमिषाच्या आसपास दहाएक नॅनोमीटरवर जो कुणी फिरकेल त्याच्या अंगावर बायोटिनचा शिक्का पडतो. मग पेशी कितीही कठोरपणे फोडा. शिक्का धुऊन निघत नाही.

ज्युनिअर ब्लॉट (बायोटिनवाली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा कागद) घेऊन धावत आली. बायोटिन न दिलेल्या, टर्बोआयडी नसलेल्या साध्या पेशींमध्ये सुद्धा दोन ठसठशीत पट्ट्या, एक १३० च्या आसपास, एक ७५ च्या. "ताई, सगळं दूषित झालंय."

झालेलं नाही. बायोटिन हे मुळात जीवनसत्त्व आहे आणि मानवी पेशीत पाच कार्बोक्झिलेज एन्झाइमं ते अंगावर घेऊनच फिरतात. त्यातली पायरुव्हेट, प्रोपिओनिल-कोए आणि मिथाइलक्रोटोनिल-कोए कार्बोक्झिलेज ही तीन मायटोकॉन्ड्रियाच्या आतच असतात. आपण नेमक्या त्याच गल्लीत शिक्के मारायला गेलोय जिथले तीन रहिवासी जन्मतः शिक्केवाले. तिला म्हटलं, ह्या पट्ट्या दिसल्या नसत्या तर मी घाबरले असते.

तिच्या चेहऱ्यावरून पटलेलं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः यकृताच्या पेशींचा ब्लॉट करून पाहिलान आणि मग शांत झाली. हे मला आवडलं.

५ जानेवारी २०२४

टर्बोआयडीची यादी. पीआरओआरपी आलं! तीनपैकी दोन रनमध्ये.

पण त्याच्यासोबत अर्धी मायटोकॉन्ड्रिया आली. मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांची नोंद ठेवणाऱ्या मायटोकार्टाच्या २०२१ च्या यादीत माणसाच्या १,१३६ जनुकांची नोंद आहे. त्यातली किती आमच्या शिक्क्याखाली आली हे मोजायला गेले आणि मध्येच सोडलं. मायटोकॉन्ड्रियाचा आतला भाग प्रथिनांनी इतका खच्चून भरलेला असतो की दहा मिनिटांत कुणीही कुणाला घासून जाईल. सकाळच्या लोकलमध्ये माझ्या शेजारी उभी असलेली बाई माझी नातेवाईक ठरत नाही. मायटोकॉन्ड्रियात मोकळं सोडलेलं टर्बोआयडी हाच इथला परका, त्याच्याशी तुलना केल्यावर यादी आटली. पीआरओआरपी जेमतेम वर तरंगतंय. लिहिताना 'दिसतं' लिहायचं, 'सिद्ध होतं' नाही.

१९ जानेवारी

जाळ्याचं चित्र काढलं. सायटोस्केप ह्या आज्ञावलीत सगळी नावं ओतली, रेषा जोडल्या, आणि पडद्यावर शेवयांचा गोळा उभा राहिला. मॅडमनी दोन सेकंद पाहून विचारलं, "ह्यातून काय वाचायचं?"

मी म्हटलं, मोठी जाळी अशीच दिसतात. हार्वर्डच्या बायोप्लेक्स प्रकल्पाने २०२१ मध्ये एकट्या एचईके२९३टी पेशींमध्ये १,१८,१६२ जोड्या दिल्या, १४,५८६ प्रथिनांमधल्या. त्यांचंही चित्र गोळाच.

"त्यांनी दहा हजारांवर आमिषं लावली. तू एक लावलंस. एका आमिषाचं जाळं नसतं, त्याची फक्त चांदणी होते. मध्ये तू, बाजूला टोकं."

खरं आहे. मी टोकाटोकांमध्ये ज्या रेषा काढल्या होत्या त्या माझ्या प्रयोगातल्या नव्हत्याच. त्या इतरांच्या साठ्यांतून आपोआप आल्या होत्या आणि माझ्या रेषांच्या रंगातच मिसळल्या होत्या. आता आमच्या रेषा काळ्या, इतरांच्या करड्या. करड्या काढून टाकल्यावर उरलेलं पानभर मोकळं आहे, आणि तेच दाखवणार.

टीआरएमटी१०सीला आमिष करून उलट बाजूने ओढायचं ठरलं. 'अ'च्या गळाला 'ब' लागतो तर 'ब'च्या गळाला 'अ' लागायला हवा. ज्युनिअरकडे दिलं.

१२ फेब्रुवारी

उलटा पुलडाउन: टीआरएमटी१०सीच्या गळाला आमचं एन्झाइम लागलं, भरघोस. चौकडीवर एक टेकतो म्हणजे असंच दिसायला हवं. लपवलेल्या चार नावांपैकी एकही नाही. म्हणजे ती, खरी असली तर, दुसऱ्या खात्यातली. छापखान्याशी त्यांचा संबंध नसावा.

२३ फेब्रुवारी

सोबत आहे म्हणजे काम होतंय असं नाही, हे बघायला नॉर्दर्न ब्लॉट, म्हणजे आरएनएच्या पट्ट्या दाखवणारा. पेशीतलं मूळ एन्झाइम एसआयआरएनएने, म्हणजे जनुकाचा आवाज दाबणाऱ्या छोट्या आरएनएने, कमी करायचं, त्याच पेशीत एसआयआरएनएला न जुमानणारं मूळ किंवा थोटं परत द्यायचं, आणि न कापलेल्या टीआरएनएची लांब पट्टी साठते की नाही ते पाहायचं. टीआरएनए निवडला आयसोल्युसीनचा. जे आयसोल्युसीन हे एन्झाइम एका हाताने मोडतं, त्यालाच वाहून नेणारा टीआरएनए ते दुसऱ्या हाताने घडवायला मदत करतं. निवडीचं खरं कारण इतकंच की प्रोब, म्हणजे त्याला हुडकणारा खूण लावलेला तुकडा, चांगला मिळाला. डिगॉक्सिजेनिनचा, त्यामुळे किरणोत्साराचे अर्ज भरावे लागले नाहीत.

पहिला ब्लॉट वाया. आरएनए कुठेतरी तुटलं, सगळी लेन पुसट. टेबल परत पुसलं, हातमोज्यांचं नवं खोकं उघडलं.

१ मार्च

दुसरा ब्लॉट. एन्झाइम कमी केलेल्या लेनमध्ये वरची लांब पट्टी ठळक. मूळ परत दिलेल्या लेनमध्ये ती उतरली. थोटं दिलेल्या लेनमध्येही उतरली, जवळपास मूळइतकीच.

फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं, "एकदाच ना?"

हो, एकदाच. पेशींची दुसरी वायल आत्ता पाण्यात वितळतेय.